गोव्यात जुनी आलिशान सेडान घेताना: किलोमीटर नंतर, पाणी आधी

पंधरा-वीस वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते, पुष्कळदा त्याहून कमीतच. घसारा आधीच्या मालकांनी सोसलेला असतो. तुमच्या वाट्याला येतं ते त्या काळातलं उत्तम इंजिनिअरिंग: सहा सिलिंडरचं गुळगुळीत इंजिन, पणजीहून कोल्हापूरपर्यंत बसलात तरी पाठ न धरणारी सीट, दार लावताच बाहेरचा गोंगाट तोडणारी जाड सीलं आणि घाटातल्या वळणावर न झुलणारी चासी. मला विचाराल तर एवढ्या पैशात इतकं सुख देणारी दुसरी वस्तू बाजारात नाही.

मात्र एक हिशेब सुरुवातीलाच पक्का करा. गाडीची किंमत उतरली आहे, तिच्या सुट्या भागांची नाही. दोन-चार लाखांत घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला, तर बिल मूळच्या महागड्या गाडीचंच येतं. शिवाय आपण गोव्यात राहतो. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उरलेलं वर्ष दमट खारा वारा. दुसरीकडे लोक आधी ओडोमीटर बघतात. इथे आधी बघायचं ते पाणी: गाडीत कुठे शिरलं, कुठे साचलं, काय खाऊन गेलं.

गोव्याला अशा गाड्यांचं आकर्षण आजचं नाही. १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलात आयातीवर भारतासारखे निर्बंध नव्हते, खाणींचा पैसा येत होता आणि युरोपातल्या गाड्या सहज उतरत. मर्सिडीज टॅक्सीतून फिरल्याच्या आठवणी जुनी माणसं अजून सांगतात.

छप्पर नसेल तर थांबा

गाडी शोधायला लागण्याआधी ती उभी कुठे राहणार ते ठरवा. पोर्च किंवा गॅरेज असेल तर पुढे चला. आंब्या-फणसाच्या झाडाखाली, उघड्यावर, चारही महिने पाऊस झेलत ती उभी राहणार असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका. चांगली गाडीही दोन पावसाळ्यांत खराब होते.

दुसरा प्रश्न वापराचा. घरात एकच गाडी असेल, रोज वेर्ण्याला किंवा पणजीला कामावर जायचं असेल, तर जुनी जर्मन गाडी एकमेव वाहन म्हणून घेऊ नये. एखादा सेन्सर मुंबईहून यायला चार दिवस लागले, तर कामावर कसं जाणार? अशा घरासाठी होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी उत्तम. घरात स्कूटर किंवा दुसरी छोटी गाडी असेल, तर मात्र जर्मन गाडीचा विचार बिनधास्त करा.

कोणती घ्यावी

मर्सिडीजने भारतात बनवलेली पहिली गाडी म्हणजे डब्ल्यू १२४ ई-क्लास (असे आकडे म्हणजे त्या त्या पिढीचं कंपनीतलं सांकेतिक नाव). १९९५ साली टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) सोबतीने ती पुण्यातून बाहेर पडली. या गाडीवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि त्यात तिच्या वायपरचा वाटा मोठा आहे. काचेवर एकच वायपर. तो नुसता डावी-उजवीकडे फिरत नाही, कोपऱ्याकडे जाताना हात लांब करतो आणि मध्यावर येताना आत ओढून घेतो. त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग साफ होतो. जुलैच्या सरीत चोर्ला घाट चढताना हे नुसतं बघत राहावंसं वाटतं. या पिढीत एक गोष्ट तपासाच: १९९२ ते १९९५च्या दरम्यानच्या गाड्यांत इंजिनच्या वायरिंगचं आवरण कालांतराने ठिसूळ होऊन गळून पडतं. वायरिंग बदललेलं असेल तर त्याचं बिल मागा.

तिच्यानंतरच्या डब्ल्यू २१० पिढीपासून गोव्यात लांब राहिलेलं बरं. गंजासाठी ती जगभर बदनाम आहे, आणि पुढच्या स्प्रिंगचा आधार गंजून तुटणं हा जिवावरचा प्रकार आहे. डब्ल्यू २११ मात्र अनेक बाबतींत उजवी. २००६च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे त्याच पिढीतल्या सुधारित रूपातली, शोधा, कारण त्याआधीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. तिच्या पंपाचं आयुष्य ब्रेक दाबण्याच्या संख्येवर मोजलेलं असतं आणि पंप महाग आहे. कंपनीने नंतर ती यंत्रणा काढूनच टाकली. ई २८० सीडीआयमधलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन दमदार आहे. फक्त ऑइल कूलरची सीलं गळत नाहीत ना, हे बघा.

बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७मध्ये सुरू झाला. त्यामुळे ई ९० थ्री सिरीज आणि ई ६० फाइव्ह सिरीज आपल्याकडे बऱ्यापैकी सापडतात. चालवण्याचा आनंद हवा असेल तर सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली थ्री सिरीज घ्या. २००७ ते २०११च्या ३२०डीमध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती बदलायला मोठी खोलाखोल करावी लागते, म्हणून थंड इंजिन सुरू होताना मागून खडखड ऐकू आली की तिथूनच नमस्कार करा.

दुसऱ्या पिढीची स्कोडा सुपर्ब म्हणजे मागच्या सीटवर पाय पसरून बसण्याची गाडी. आईवडिलांना घेऊन चवथीला गावी जायचं तर याहून आरामदायी काही नाही. १.८ टीएसआय (पेट्रोल) घेत असाल तर सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपासून सावध राहा, गर्दीत आणि उष्म्यात त्याचा मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा भाग, दगा देतो. शिवाय सुरुवातीची ही इंजिनं ऑइलही खातात. २.० टीडीआय डिझेलला सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी आहे, तो अधिक भरवशाचा.

कुठून घ्यावी

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बरीच वर्षं निर्बंध आहेत. त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. हवा कोरडी असल्याने त्यांचा तळ बहुधा स्वच्छ असतो, हा मोठा फायदा. पण नोंदणी जिवंत आहे की रद्द झाली आहे, हे वाहन पोर्टलवर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

कोल्हापूर, सांगली आणि चिपळूणची गाडी असेल तर पुराचा इतिहास तपासा. कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९मध्ये आणि चिपळूणला जुलै २०२१मध्ये गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या.

गोव्यातल्या गाड्यांत एक वेगळाच प्रकार भेटतो. मालक आखातात, लंडनला किंवा पोर्तुगालला, गाडी घरी आच्छादनाखाली. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘फक्त ३०,००० किमी’. ऐकायला गोड वाटतं, पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. सीलं सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज बसतो, वायरिंगवर उंदरांचे दात फिरतात. दर महिन्याला चाललेली, १,२०,००० किमीची आणि सगळी बिलं जपलेली गाडी मी अशा गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

कागद

गोव्याच्याच गाडीचं काम तुलनेने सोपं: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं फॉर्म २८वरचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि गोव्याचा नंबर घेताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो. हा आकडा सौदा ठरण्याआधी वाहतूक खात्याच्या कार्यालयातून काढून घ्या. कित्येकांची ‘स्वस्त’ गाडी इथेच महाग होते. नंतर मूळ राज्याकडून टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो हातात येईपर्यंत गृहीत धरू नका.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं केंद्राने ठरवलेलं शुल्क भारतात बनलेल्या मोटारगाडीला ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० झालं. पूर्ण आयात केलेल्या गाडीला हेच आकडे ४०,००० आणि ८०,००० आहेत, म्हणून आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदलेली आहे का, ते वाचा.

विम्यात १,५०० सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी मूळ हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये ठरलेला आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनीशी बोलून ठरते, तेव्हा चांगले फोटो आणि बिलं दाखवून ती योग्य लावून घ्या.

पाण्याची तपासणी

यासाठी दुपारचा मोकळा वेळ काढा, टॉर्च आणि एक जुना टॉवेल बरोबर न्या. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडे हे काम करू नका.

बॉनेट उघडा आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या पन्हळीत हात घाला. तिथे पानांचा कुजका लगदा असेल तर पुढची तपासणी दुप्पट सावधपणे करा. पहिल्या पिढीच्या सुपर्बमध्ये आणि तशाच रचनेच्या ऑडींमध्ये बॅटरीखाली पाणी जाण्याची रबरी बुचं असतात. ती तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. वरून गालिचा कोरडा दिसतो. पायाखालची चटई काढा, गालिच्याची कड उचला आणि खालचा जाड स्पंज टॉवेल लावून जोरात दाबा. टॉवेल ओला झाला, तर त्याच स्पंजाखाली असलेले इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट पाण्यात बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे. दरवाजांचं लॉक मधूनच काम न करणं, रात्री बॅटरी उतरणं, गिअरबॉक्स अचानक एकाच गिअरमध्ये अडकणं, हे सगळे आजार इथून सुरू होतात, आणि मेस्त्री मात्र बॅटरीमागून बॅटरी बदलत बसतो.

सनरूफ असेल तर तो उघडून कोपऱ्यातल्या छोट्या भोकांत बाटलीने थोडं पाणी ओता. ते चाकांजवळून खाली टपकलं पाहिजे. टपकलं नाही तर नळी तुंबली आहे किंवा आत सुटली आहे. छताचं कापड खांबांच्या कडेला पिवळट पडलंय का, मध्ये झोळी आली आहे का, ते बघा. नुसती झोळी असेल तर उष्म्याने चिकटवण विरघळलेलं असतं, कारागीर ते नव्याने लावून देतो. डाग असेल तर गळती आहे.

डिकीचं कव्हर उचला. डब्ल्यू २११ची मुख्य बॅटरी डिकीच्या फरशीखाली असते. मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून पाणी आलं तर ते नेमकं तिथे जमतं.

पुरासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या भागावर गढूळ रेष राहून जाते. सीटच्या रुळांचे स्क्रू आणि फ्यूजबॉक्सच्या खाचा बघा. समुद्रकिनाऱ्यावरच्या पट्ट्यातली गाडी असेल तर गालिच्याखाली बारीक वाळू मिळते का, हेही पाहा. वाळू भरपूर असेल तर गाडी किनाऱ्यावर उतरवलेली असू शकते, मग तळ नक्की तपासायचा.

त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवा. जॅक लावायच्या जागा, पुढचा-मागचा सबफ्रेम, ब्रेकच्या धातूच्या नळ्या, एक्झॉस्टचे जोड. वरवरचा तांबूस थर चालतो. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत गेला तर नाही चालत. तळावर ताजं, जाड काळं डांबरी कोटिंग दिसलं तर विचारा, कधी मारलं आणि का. गंजावर मारलेलं असं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं.

थंड इंजिन आणि स्कॅनर

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा, गाडी आधी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गार इंजिनाचे पहिले दहा सेकंद फार काही सांगतात: चेनचा आवाज, निळा धूर, डगमगता आयडल. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर एखादा कोपरा खाली बसलाय का, ते सुरू करण्याआधीच पाहायचं.

मग निदान अर्धा तास चालवा, त्यात चढ असू द्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गरम झाल्यावरच खरा बोलतो. गिअर पडताना धक्का, वर जाताना इंजिन रिकामं फिरणं, चढावर थरथर, ही नकाराची कारणं. त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकांतले दोष वाचणारं यंत्र, लावा, आणि तो त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचाच हवा: मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडी-स्कोडाला व्हीसीडीएस. साध्या ओबीडी यंत्राला इंजिनाचे दोष दिसतात, बाकीच्या युनिट्सचे नाही. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाहून जास्त युनिट्समध्ये असते. तिथले आकडे मीटरशी जुळले नाहीत तर मीटर मागे फिरवलेलं असण्याची शक्यता मोठी.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलायचेच. तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

पैसे आणि पहिले तीन महिने

जेवढ्या पैशाची गाडी, त्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवा. ती नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या, पण चांगल्या अवस्थेतली. रोगट एस-क्लासपेक्षा निरोगी अकॉर्ड जास्त सुख देते.

घेतल्यावर लगेच सगळी द्रव्यं बदला: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, स्टिअरिंग ऑइल. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभर चालतं’ असं सर्व्हिस सेंटरात सांगतात, ते मानू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीच्या दरम्यान ते बदलायला सांगते. मर्सिडीजच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये वायरिंगच्या प्लगचं सील गळतं, तेही त्याच वेळी बदलून घ्या, भाग स्वस्त आहे. बीएमडब्ल्यूत कूलिंगचे प्लॅस्टिक भाग, म्हणजे एक्सपान्शन टाकी, होझ आणि थर्मोस्टॅट, वयाकडे बघून बदला. इंजिन गरम होण्याची वाट पाहू नका.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या वयस्क असतील तर नव्या घाला, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

मेस्त्री आणि सुटे भाग

गाडी घेण्याआधी मेस्त्री शोधा. ज्याच्याकडे तुमच्या कंपनीच्या दोन-तीन गाड्या नेहमी उभ्या असतात आणि जो स्कॅनचा कागद स्वतःहून दाखवतो, तो आपला माणूस. त्याचे पैसे वेळेवर द्या, काम चालू असताना जाऊन बघा, जुना भाग परत मागा.

सुटा भाग मागवताना चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा. लेमफोर्डर, सॅक्स, बॉश, माले, मान यांसारख्या कंपन्या मूळ कारखान्यालाच माल देतात. त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला भाग शोरूमच्या भावापेक्षा बराच कमी पडतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ ही जुनी ठिकाणं. दुकानदाराशी ओळख झाली की रात्रीच्या बसने पार्सल सकाळी म्हापशाला किंवा पणजीला येतं. वापरलेले दिवे, दरवाजाच्या मोटरी, स्विच घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे रबर मात्र नवेच.

पावसाळा

मे संपण्याआधी पन्हळी आणि सनरूफच्या नळ्या साफ करून घ्या, तळाच्या पोकळ्यांत मेणाचा फवारा मारून घ्या. चामड्याच्या सीटवर जुलैत बुरशी येतेच. सीट आधी चामड्याच्या क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या करा, मग कंडिशनर लावा. खोबरेल तेल लावू नका, ते बुरशीला खाद्य आहे. आठवड्यातून एकदा एसी लावून अर्धा तास फिरवली की आतली ओल निघते, गिअरबॉक्सही हलता राहतो.

पणजीच्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा. सेडानच्या हवेची वाट खाली असते, इंजिनात एक घोट पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. दिवाडी-चोडणची फेरीबोट घेतलीत तर ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळी आणि खाऱ्या पाण्याने ओला असतो. पुढचा बंपर वाचवायला हळू आणि थोडं तिरकं चढवा, आणि घरी आल्यावर झाडांना पाणी घालायचं स्प्रिंकलर गाडीखाली दहा मिनिटं चालू ठेवा. नुसतं बॉनेट चकचकवून खार निघत नाही.

आणि चालवा

थ्री सिरीजला रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे, कडक बाजूंचे) असतील तर बदलताना साधे घाला आणि डिकीत पंक्चरचा पंप ठेवा. आपल्या रस्त्यांवर गाडी एकदम मवाळ होते, ज्यासाठी ती घेतली ते सुख तेव्हा कळतं.

महिन्यातून एकदा लांब जा. माझी आवडती फेरी सकाळी लवकर निघून अनमोड घाटाने वर, बेळगावात नाश्ता आणि चोर्ल्याने खाली. चढताना इंजिन ओढू द्या, उतरताना गिअर हाताने खाली घ्या म्हणजे ब्रेक तापत नाहीत. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं, ऑइल गरम होईपर्यंत, पाय हलका ठेवा. मागे कोणी बसलं असेल तर त्यांना झोपू द्या, या गाड्यांत झोप छान लागते. परतल्यावर लगेच चावी काढू नका. टर्बो असेल तर इंजिन मिनिटभर आयडलवर फिरू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्याआधी फरशीवर ताजा थेंब पडलाय का, ते बघा. लाल असेल तर गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंग, काळा-तपकिरी असेल तर इंजिन, निळा, हिरवा किंवा गुलाबी आणि बोटाला बुळबुळीत असेल तर कूलंट. फोटो काढून मेस्त्रीला पाठवा आणि तो हो म्हणेपर्यंत पुढची फेरी ठरवू नका.